माशांचा सापळा आणि बांधावरचा दवबिंदू

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात दिघाशी येथे विद्यार्थी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल २७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन आपण साजरा केला. आज २८ फेब्रुवारी. १९२८ साली याच दिवशी डॉ. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणासंबंधीचा आपला शोध जाहीर केला आणि त्याच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. समुद्राचे पाणी निळे का दिसते, या साध्या कुतूहलातून त्यांच्या विचाराला चालना मिळाली होती. मोठ्या शोधाचा उगम असा पुष्कळदा साध्या प्रश्नात असतो. म्हणून आज मी मोठी यंत्रे किंवा चित्रफिती न आणता ही एक लहानशी कुंडी तुमच्यापुढे ठेवली आहे.

मागे बसलेल्या मुलांना ही कुंडी रिकामीच वाटेल, कारण तिच्यातील वनस्पती चार बोटेदेखील उंच नाही. तिचे नाव व्हीनस फ्लायट्रॅप. आपण तिला माशांचा सापळा म्हणू. भाषण संपल्यावर ही कुंडी मी परत नेणार नाही. ती तुमच्या स्वाधीन करून जाणार आहे. तिच्या वाढीचा हंगाम नेमका आता सुरू होतो आणि दिवाळीनंतर मावळतो. एवढ्या आठ-नऊ महिन्यांत तिची निगा कशी राखावी, हे सांगण्यासाठी मी येथे उभा आहे.

प्रथम एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी हीच वनस्पती विकत आणली होती. ती नाजूक दिसली म्हणून तिला मोठ्या मातीच्या कुंडीत हलविले, उत्तम काळी माती घातली, कुजलेले शेणखत दिले, वर चिमूटभर युरिया टाकला. नळाचे पाणी सकाळ-संध्याकाळ घातले. शिवाय ती मांसाहारी म्हणून मटणाचे बारीक तुकडे तिच्या पानांत ठेवले. महिन्याभरात पाने काळी पडली, कंद कुजला आणि कुंडीत केवळ माती उरली. गुलाबाला किंवा वांग्याच्या रोपाला जे मानवले असते, ते सारे मी तिला दिले होते आणि त्यानेच ती मेली. तिला काय द्यावे यापेक्षा काय देऊ नये हे आधी शिकायला हवे, हे मला तेव्हा उमगले. आजच्या बोलण्याचा सारांश हाच आहे.

सापळा मिटतो कसा?

आपल्या बांधावरचे लाजाळू तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. स्पर्श होताच ते पाने मिटते. आपले थोर शास्त्रज्ञ सर जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूसारख्या वनस्पतींवर सूक्ष्म उपकरणांनी प्रयोग करून वनस्पतींमधील विद्युत-प्रतिसादांचे मापन केले. माशांच्या सापळ्यातही विजेचाच खेळ आहे. १८७३ साली लंडनमध्ये जॉन बर्डन-सँडरसन यांनी याच वनस्पतीच्या पानात विद्युत-संदेश निर्माण होतो, हे दाखवून दिले होते.

हे पान पाहा. पुस्तक अर्धवट उघडावे तशी त्याची दोन दले आहेत आणि कडेला दातांसारखे काटे आहेत. प्रत्येक दलाच्या आतल्या बाजूला साधारणपणे तीन बारीक केस असतात. किडा आत आला आणि त्याचा एका केसाला एकदा धक्का लागला, तर काहीच घडत नाही. परंतु सुमारे २० सेकंदांच्या आत दुसरा धक्का लागला, की सेकंदाच्या दहाव्या भागाएवढ्या अवधीत सापळा मिटतो. एकच धक्का वाळलेल्या काडीचा किंवा पावसाच्या थेंबाचाही असू शकतो. दोन धक्के मात्र बहुधा हालचाल करणाऱ्या जिवाचे असतात. मिटल्यावरही वनस्पती लगेच पाचकरस सोडत नाही. अडकलेला किडा धडपडत राहिला आणि धक्क्यांची संख्या पाचाच्या आसपास गेली, की मग पाचकरसाची तयारी जोमाने सुरू होते. जर्मनीतील वुर्झबुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली हे सिद्ध केले. ज्या वनस्पतीला मेंदू नाही, ती अशा प्रकारे मोजदाद करते!

येथे पहिला नियम येतो, आणि तो मुलांसाठी आहे. गंमत म्हणून सापळ्यात काडी किंवा बोट घालू नये. सापळा मिटविण्यास वनस्पतीची शक्ती खर्ची पडते आणि एक सापळा आपल्या आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतो. रिकामा मिटलेला सापळा एक-दोन दिवसांत पुन्हा उघडतो, पण त्या श्रमाचे मोल तिला कोणीच देत नाही. वर्गात चाळीस मुले असतील आणि प्रत्येकाने एकदाच बोट लावायचे ठरविले, तरी ही वनस्पती आठवडाभरात थकून जाईल.

ही भूक नव्हे, खताची उणीव

पुष्कळांची अशी समजूत असते, की ही वनस्पती किडे खाऊन जगते. ते पूर्णांशाने खरे नाही. तिची पाने हिरवी आहेत. भात, आंबा किंवा तुळस यांच्याप्रमाणेच ती सूर्यप्रकाश, हवा आणि पाणी यांपासून आपले अन्न स्वतः तयार करते. मग किडा कशासाठी? उपस्थित शेतकरी बांधवांना हे चटकन समजेल. आपण भाताला नत्र, स्फुरद आणि पालाश देतो. ही वनस्पती मूळची ज्या जमिनीत राहते, तेथे पाणी भरपूर आहे, पण नत्र व स्फुरद जवळजवळ नाहीत. ती उणीव ती किड्यांच्या शरीरातून भरून काढते. म्हणजे किडा हे तिचे जेवण नव्हे, तर खत होय.

तिची मूळ भूमी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ व साउथ कॅरोलिना या राज्यांत, विल्मिंग्टन शहराभोवतीच्या शे-सव्वाशे किलोमीटरच्या टापूत आहे. जगात अन्यत्र ती नैसर्गिकरीत्या आढळत नाही. तेथील पाइन वृक्षांच्या विरळ वनांमधील ओलसर, आम्लधर्मी, वालुकामय जमिनीत ती वाढते. १७५९-६०च्या सुमारास नॉर्थ कॅरोलिनाचे गव्हर्नर आर्थर डॉब्ज यांनी आपल्या पत्रांतून तिचे वर्णन कळविले आणि १७६८ साली जॉन एलिस यांनी तिला शास्त्रीय नाव दिले. चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यात या वनस्पतीचा सविस्तर अभ्यास आहे.

आता विचार करा. नापीक जमिनीत जगण्याची किमया जिने साधली, तिच्या मुळांना भरपूर खताची सवय कोठून असणार? थोड्याशा क्षारांनीही ती मुळे करपतात. म्हणून शेणखत, गांडूळखत, युरिया, मिश्रखत यांपैकी काहीही कुंडीत घालू नये. अगदी चिमूटभरसुद्धा नको.

पाण्याची परीक्षा

जे खताचे, तेच पाण्याचे. आपल्या विहिरींचे आणि कूपनलिकांचे पाणी खडकांतून झिरपून येते आणि येताना चुना व इतर क्षार बरोबर आणते. आपल्याला ते पिण्यास चालते. या वनस्पतीला चालत नाही. याच तालुक्यात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. त्या पाण्यात खनिजे विरघळलेली असतात, म्हणून लोक श्रद्धेने तेथे स्नानाला जातात. ज्या गुणासाठी आपण त्या पाण्याकडे जातो, तोच गुण या कुंडीच्या मुळावर येईल. लिटरमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असलेले पाणी तिला योग्य. असे पाणी आपल्याला आकाशातून फुकट मिळते आणि कोकणात ते मुबलक मिळते.

येथे एक हिशेब करू. ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंतचे दिवस सुमारे २४०. एका लहान कुंडीला रोज सरासरी १०० मिलिलिटर पाणी धरले, तर २४ लिटर लागेल. उन्हाळ्यात खप दुप्पट होतो, हे लक्षात घेऊन ४० लिटरचे एक प्लॅस्टिकचे पिंप पावसाळ्यात भरून ठेवले, की वर्षाची निश्चिंती झाली. छपराच्या पन्हळीचे पाणी धरावे, पण पहिल्या एक-दोन पावसांचे धूळ-पानांचे पाणी वाहून जाऊ द्यावे. सिमेंटच्या टाकीत ते साठवू नये, कारण सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. पिंपाच्या तोंडाला दाट कापड घट्ट बांधावे. वनस्पतीची काळजी घेताना गावात डासांची पैदास होता कामा नये.

यंदाचा पावसाळा अजून दूर आहे, म्हणून गेल्या पावसाळ्याचे २० लिटर पाणी मी सोबत कॅनमध्ये आणले आहे. उद्यापासून रोज २०० मिलिलिटर वापरल्यास ते १०० दिवस, म्हणजे ८ जूनपर्यंत पुरेल. तोवर आपल्याकडे पाऊस दारात आलेला असतो. मध्येच पाणी संपले, तर दुकानात मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी आणावे. बॅटरीसाठी म्हणून ते विकले जाते. मात्र बॅटरीचे आम्ल ही निराळी व घातक वस्तू आहे. म्हणून ही खरेदी मोठ्या माणसानेच करावी.

माती आणि कुंडी

कुंडीतल्या या तपकिरी भुशाला पीट म्हणतात. दलदलीतील शेवाळ हजारो वर्षे साचून तो तयार होतो. दोन भाग पीट आणि एक भाग परलाइट किंवा स्वच्छ धुतलेली जाड गारेची वाळू, हे मिश्रण तिला मानवते. खाडीची वाळू वापरू नये, तिच्यात मीठ व शिंपल्यांचा चुना असतो. नारळाच्या काथ्याचा भुसा वापरायचाच, तर तो पावसाच्या पाण्यात अनेक वेळा भिजवून, पिळून, त्यातले क्षार काढून टाकल्यावरच वापरावा. पीट पुन्हा लवकर निर्माण होत नाही, म्हणून तो जपून वापरावा. एका लहान कुंडीला दोन-तीन ओंजळी पुरतात.

कुंडी प्लॅस्टिकची, तळाला भोके असलेली आणि दहा-बारा सेंटीमीटर खोल असावी. मातीची कुंडी दिसायला सुंदर, पण तिच्या अंगातून पाणी उडून जाते आणि क्षार मागे साचतात. कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत एक-दोन सेंटीमीटर पाणी राखावे. वरून धार धरू नये.

महिन्यामहिन्याची निगा

आता हंगामाचा क्रम सांगतो. शास्त्रावरील पुस्तके बहुधा थंड देशांत लिहिली जातात. तेथला वसंत, तेथला उन्हाळा आपल्याला लागू पडत नाही. आपल्या ऋतुमानाप्रमाणे हे वेळापत्रक बसवून घ्यावे लागते.

फेब्रुवारीअखेर ते मार्च: ही नव्या पालवीची वेळ. कुंडी बदलायची असेल, तर आताच बदलावी. मुळे काळी दिसली, तर घाबरू नये. या वनस्पतीची मुळे काळीच असतात. पांढरा, कांद्यासारखा भाग मिश्रणाखाली आणि पालवीचा शेंडा वर राहील, अशा बेताने ती लावावी. या दिवसांत मधूनच एक जाड दांडा वर येतो. तो पानाचा नसून फुलाचा असतो. पांढरी फुले सापळ्यांपासून बऱ्याच उंचीवर येतात, आणि फुलांवर येणारे कीटक सहसा सापळ्यांत सापडत नाहीत, असे तिच्या मूळ भूमीतील पाहणीत दिसून आले आहे. परंतु बी धरण्यात लहान रोपाची शक्ती फार खर्च होते. म्हणून पहिल्या वर्षी दांडा बोटभर झाला, की तो कापून टाकावा. तुम्हाला ते जिवावर येईल, मलाही येते. पण त्या दांड्याच्या बदल्यात रोपाला अनेक नवी पाने मिळतात.

एप्रिल व मे: तिला दररोज किमान चार ते सहा तास ऊन हवे. उन्हात वाढलेल्या सापळ्याचा आतला भाग लाल होतो, तर सावलीत पाने लांब, लोळणारी आणि फिकट होतात. मात्र आपल्या वैशाखातले दुपारचे ऊन तिच्या मूळ भूमीतील उन्हाहून प्रखर असते आणि ताटलीतले पाणीही तापते. म्हणून सकाळचे ऊन पूर्ण द्यावे आणि बारा ते चार या वेळेत हिरवी जाळी किंवा झाडाची विरळ सावली द्यावी. सुट्टीत शाळा बंद असते, हा या महिन्यांतला खरा धोका आहे. चार मुलांनी पाळी लावून घ्यावी आणि ज्याची पाळी असेल, त्याने पाणी घातल्याची नोंद वहीत करावी. एक दिवस कोरडा गेला, तर ती बहुधा तग धरील. चार दिवस गेले, तर नाही.

जून ते सप्टेंबर: पाऊस हे तिचे सर्वांत आवडते पाणी, म्हणून तिला उघड्या आकाशाखाली ठेवायला हरकत नाही. परंतु पागोळ्यांखाली ठेवू नये. त्या धारेने मिश्रण उसळते आणि रोप उखडते. ताटली काढून घ्यावी, नाही तर कुंडी बुडून राहील. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा वाढ मंदावते आणि काही पाने काळी पडतात. जुने पान काळे पडणे हे म्हातारपण आहे, रोग नव्हे. ते कात्रीने कापून टाकावे, कारण कुजत्या पानावर बुरशी धरते. गोगलगाई आणि मावा यांवर नजर ठेवावी. गोगलगाय हाताने वेचून दूर सोडावी, मावा पाण्याने धुऊन काढावा.

ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर: ऑक्टोबरच्या उन्हात ती पुन्हा जोम धरते. वर्षातले उत्तम सापळे पुष्कळदा याच दिवसांत दिसतात. ताटली पुन्हा ठेवावी आणि साठविलेले पाणी वापरायला आरंभ करावा.

मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी: हा तिच्या विश्रांतीचा काळ. मूळ भूमीत तिला तीन-चार महिने कडक थंडी मिळते. आपल्या रात्री गार असतात, पण तितक्या थंड नसतात. त्यामुळे कोकणात ती दोन-तीन वर्षांत क्षीण होण्याचा संभव असतो. उपाय असा, की या काळात पाणी कमी करावे, माती केवळ ओलसर राखावी आणि कुंडी घरातील सर्वांत गार पण उजेडाच्या जागी ठेवावी. काही अनुभवी लोक कंद स्वच्छ करून, ओलसर शेवाळात गुंडाळून, शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन महिने ठेवतात. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. या दिवसांत पाने लहान होतात, काही वाळतात. ती मेली, असे समजून फेकून देऊ नये. कंद घट्ट असेल, तर ती जिवंत आहे.

भरवण्याचा मोह

तुम्ही आता विचाराल, की हिला माशा केव्हा घालायच्या? कुंडी बाहेर असेल, तर घालायच्याच नाहीत. तिला जेवढे हवे, तेवढे ती स्वतः धरते. घरात असेल, तर महिन्यातून एक-दोन वेळा एका सापळ्याला एक लहान किडा पुरे. किडा सापळ्याच्या एक-तृतीयांशाहून मोठा नसावा. सापळा पूर्ण बंद झाला नाही, तर आत बुरशी शिरते. मांस, अंडे, पनीर, भाताचे शीत यांपैकी काहीही ठेवू नये. एक किडा पचायला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि दोन-तीन किडे पचविल्यावर त्या पानाचे आयुष्य संपते. किडे न मिळता ही वनस्पती कित्येक महिने जगते. उजेड न मिळता मात्र ती जगत नाही.

बांधावरचा दवबिंदू

मित्रहो, परक्या देशातील या वनस्पतीचे एवढे कौतुक केल्यावर मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. हिची सख्खी नातलग आपल्या ठाणे-रायगडच्या ओलसर माळांवर आणि भातखाचरांच्या बांधांवर पावसाळ्यात उगवते, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? तिचे शास्त्रीय नाव ड्रॉसेरा आणि मराठी नाव दवबिंदू. भाषा दिनाच्या दुसऱ्याच दिवशी हा शब्द तुमच्यापुढे उच्चारताना मला विशेष आनंद होतो. तिच्या पानांवरील लालसर केसांच्या टोकांना चिकट द्रवाचे थेंब असतात आणि भर दुपारीही ते दवासारखे चमकतात. मध समजून चिलटे येतात आणि चिकटून बसतात. हळूहळू केस त्यांच्यावर वाकतात आणि पचन सुरू होते. डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी याच कुलातील रोपांवर प्रयोग करून, किडे मिळालेल्या रोपांना अधिक बी धरते हे १८७८ साली दाखविले.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात दवबिंदूची नोंद आहे. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे ही वनस्पती आपल्या शास्त्रज्ञांच्या परिचयाची आहे. तिच्या शेजारी पुष्कळदा निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचा गालिचा दिसतो. तीच सीतेची आसवे. हे नाव किती करुण, आणि रोप मात्र किती पटाईत शिकारी! त्याच्या मुळांच्या जागी असलेल्या सूक्ष्म फुग्यांना झडपा असतात, आणि पाण्यातला सूक्ष्म जीव सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात आत खेचला जातो. सातारा जिल्ह्यातील कासच्या पठारावर ही दोन्ही रोपे पाहण्यासाठी लोक दुरून येतात. त्या पठाराचा २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला. आपल्या तालुक्यातील माळांना असा कोणताही किताब नाही, म्हणूनच त्यांची जबाबदारी अधिक आहे.

दवबिंदू कोठे उगवतो? जेथे पाण्याने माती धुऊन नेली आहे, कातळावर जेमतेम दोन बोटे चिखल आहे आणि दुसरे काही फारसे पिकत नाही, तेथे. आपल्या दृष्टीने ती पडीक जमीन. त्यामुळे भराव घालताना, खडी काढताना किंवा वाहनतळासाठी जागा सपाट करताना पहिला हात अशाच जागेवर पडतो. भिवंडी तालुक्यात गोदामे वाढली, त्यातून अनेक हातांना काम मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या जागेची नोंदच कोणाकडे नाही, तिच्याविषयी कोणी विचारही करीत नाही. बांधावर खताचे पाणी उतरले, तरी हेच घडते. माती कसदार होते, गवत माजते आणि त्या सावलीत दवबिंदू गुदमरतो. माझ्या पहिल्या कुंडीत जे घडले, तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते.

आणखी एक धोका आपल्या कुतूहलाचा आहे. आज हे ऐकून कोणी पावसाळ्यात दवबिंदू उपटून घरी आणील. तसे करू नये. ठाणे जिल्ह्यात आढळणारा हा दवबिंदू वर्षायू आहे. पावसात उगवतो, गुलाबी किंवा पांढरी फुले देतो आणि बी टाकून वाळतो. त्याची मुळे इतकी नाजूक, की उपटलेले रोप बहुधा दोन दिवसही काढीत नाही. बी पडण्यापूर्वी ते उपटले, तर पुढच्या वर्षाचे रोपही आपण उपटले, असे होते. अमेरिकेतही माशांच्या सापळ्याची चोरी इतकी वाढली, की नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०१४ साली ती गंभीर गुन्ह्यांत घातली. आज बाजारात मिळणारी बहुतेक रोपे ऊतिसंवर्धनाने तयार होतात. कुंडीत ठेवायची ती अशी रोपवाटिकेतली वनस्पती. बांधावरची बांधावरच पाहायची.

मग करायचे काय? येत्या श्रावणात एक भिंग, एक वही आणि शेतमालकाची परवानगी घेऊन शिवार फिरा. दवबिंदू आणि सीतेची आसवे कोठे दिसली, कोणत्या तारखेला फुलली, जमीन कशी होती, हे लिहा. घरातील वडीलधाऱ्यांना आणि रानाची बारीक माहिती असलेल्या कातकरी, वारली, कोळी बांधवांना विचारा; त्यांच्याकडे या रोपांची आणखी नावे असतील. ती नावे वहीत उतरून घ्या. जैविक विविधता अधिनियम, २००२ याखाली प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याची आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. तुमच्या वहीतली पाने त्या नोंदवहीत गेली, तर उद्या एखादा भराव कोठे घालावा आणि कोठे घालू नये, हे ठरविताना गावाच्या हाती लेखी आधार असेल.

आता ही कुंडी मी शिक्षकांच्या हाती देतो, पाण्याचा कॅन विद्यार्थ्यांच्या आणि ही कोरी वही वर्गप्रमुखाच्या. पहिल्या पानावर आजची तारीख, पानांची संख्या आणि सर्वांत मोठ्या सापळ्याची लांबी लिहून ठेवा. पुढील विज्ञान दिनी मी पुन्हा येईन. रोप जगले असेल, तर आपण सारे मिळून कंदाचे दोन भाग करू आणि दुसरी कुंडी शेजारच्या शाळेला देऊ. रोप मेले असेल, तर कोणी संकोच करू नये. वही मात्र पूर्ण लिहिलेली असावी. ते कोणत्या महिन्यात आणि कशाने गेले, हे तिच्यावरून आपण शोधू.